जयपूरला आजी-आजोबांना घेऊन जाताय? मग हॉटेल असं शोधा

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून जयपूरला जायचं असं घरात ठरलं की पहिले दोन दिवस नुसता उत्साह असतो, ग्रुप बनतो, कोणीतरी हवामहलचा फोटो टाकतं, कोणीतरी तिथल्या घेवर या मिठाईचा टाकतं, आणि मग कोणीतरी विचारतं की हॉटेलचं कोण बघतंय. आमच्याकडे ते काम माझ्याकडे येतं. आम्ही डोंबिवलीहून नऊ जण गेलो होतो, सासू-सासरे, माझी आई, आम्ही दोघं, नणंद आणि भावोजी, आणि आमची दोन मुलं, एक चौदा वर्षांची आणि एक सहा वर्षांचा. दोनदा गेलो. पहिल्यांदा हॉटेल चुकलं, दुसऱ्यांदा जमलं, आणि या दोन्हीच्या मधे मी जे काही शिकले ते इथे लिहितेय, म्हणजे पहिल्यांदाच अशी मोठी फॅमिली ट्रिप काढणाऱ्यांना उपयोग होईल. उदाहरण जयपूरचं आहे कारण ते मला माहितीये, पण बहुतेक गोष्टी कुठल्याही जुन्या शहराला लागू पडतील.

पहिल्या वेळी काय झालं ते आधी सांगते. फोटो बघून बुक केलं. जुन्या शहरातली हवेली, झरोके, भिंतीवर चित्रं, गच्चीवरून नाहरगड दिसतो, आणि माहितीत लिहिलेलं की लिफ्ट आहे. लिफ्ट होतीच, खोटं नव्हतं, पण लिफ्टपर्यंत पोचायला आधी अकरा पायऱ्या चढायच्या होत्या, त्याही दगडी आणि उंच. सासूबाई पहिल्या दिवशी भिंतीला धरून धरून एकदा चढल्या-उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, तुम्ही जाऊन या गं, मी बसते इथेच, मला काही नाही वाटत. तीन दिवस त्या खोलीत बसून होत्या. खिडकी आतल्या चौकात उघडणारी, बाहेरचा रस्तासुद्धा दिसत नव्हता. मला त्या वाक्याचं अजून वाईट वाटतं, कारण घरातली मोठी माणसं तक्रार करत नाहीत, ती फक्त 'तुम्ही जाऊन या' म्हणतात आणि आपल्याला वाटतं की त्यांना खरंच आराम करायचाय.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात ठेवा. हॉटेल ग्रुपमधल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला धरून निवडायचं. पोरं आणि आपण हॉटेलात फक्त झोपायला येतो, पण आजी-आजोबा दुपारी परत येतात, सकाळी पाचला उठून बसतात, एखादा अख्खा दिवस कुठे जात नाहीत, म्हणजे त्यांची निम्मी ट्रिप हॉटेलातच होते. जो तिथे सगळ्यात जास्त वेळ असणारे त्याच्या सोयीने बघायचं.

पहिलं काम: कोण कोणाबरोबर झोपणार

वेबसाइट उघडायच्या आधी हे कागदावर लिहा. नऊ जण म्हणजे तीन खोल्या असा हिशोब सगळे करतात, तीन-तीन जण, एक्स्ट्रा बेड टाकू, झालं. पण एक्स्ट्रा बेड म्हणजे खूप ठिकाणी जमिनीवर टाकलेली गादी असते आणि गुडघे दुखणारं माणूस जमिनीवरून उठू शकत नाही. तिथे पोरं झोपू शकतात, म्हणजे ज्या खोलीत पोरं त्याच खोलीत एक्स्ट्रा बेड, ज्येष्ठांच्या खोलीत नाही.

आम्ही दुसऱ्या वेळी चार खोल्या घेतल्या. सासू-सासरे एका खोलीत, नणंद-भावोजी एकात, आम्ही दोघं आणि धाकटा एकात, आणि माझी आई आणि माझी मुलगी एकात. आईला एकटीला खोली द्यायची नव्हती कारण रात्री काही झालं तर कळणार कसं, आणि मुलगी आता चौदाची आहे, तिला आईबाबांच्या आणि भावाच्या गर्दीत नको असतं, आजीबरोबर मात्र चालतं. फक्त त्यांच्यासाठी दोन वेगळे सिंगल बेड मागून घ्या, डबल बेड नको, कारण आजी रात्री दोनदा उठते आणि नात लोळते. हॉटेलच्या भाषेत याला ट्विन म्हणतात आणि हे बुकिंगच्या वेळीच लिहायला लागतं, नंतर मिळेलच असं नाही.

घोरणं, रात्री उठणं, कोणाला एसी चालत नाही, कोणाला पंखा फुल लागतो, हे सगळं बोलून घ्या. थोडं अवघड वाटतं बोलायला पण नंतर तीन रात्री झोप न झालेला माणूस आमेरचा किल्ला बघू शकत नाही.

आणि बेड मोजण्यापेक्षा बाथरूम मोजा. 'फॅमिली स्वीट, ६ जणांसाठी' असं दिसलं की आपल्याला वाटतं वा, सगळे एकत्र, स्वस्तात, पण त्याला बरेचदा एकच बाथरूम असतं. सकाळी आठला निघायचंय आणि सहा जणांत एक संडास, त्यात तीन जण साठीच्या पुढचे, हे होत नाही. माझा नियम आहे की तीन माणसांमागे एक बाथरूम, त्याच्यावर जायचं नाही.

मग एरिया

जयपूर १७२७ मध्ये आखून वसवलेलं शहर आहे, बाजाराचे मोठे रस्ते सरळ आणि रुंद आहेत, पण हवेल्या सगळ्या आतल्या गल्ल्यांमध्ये. जुन्या शहराभोवती तटबंदी आहे, तिच्या आतल्या भागाला परकोटा म्हणतात. हवामहल, सिटी पॅलेस, जंतरमंतर, गोविंददेवजींचं मंदिर, जोहरी बाजार, सगळं आत. त्यामुळे वाटतं की तिथेच राहावं, चालत सगळं बघता येईल. नवरा-बायको दोघंच असाल तर नक्की राहा, फार सुंदर आहे. पण ज्येष्ठ बरोबर असतील तर तिथे गाडी दारापर्यंत येत नाही, ई-रिक्षाने शेवटचं अंतर जायचं, गल्लीत स्कूटर, हातगाड्या, गाई. आणि दिवाळीत तर बाजारांची रोषणाई बघायला सगळं शहर लोटतं, संध्याकाळी गाडी आत नेणंच अवघड होतं. तुम्ही नऊ जणांसाठी टेम्पो ट्रॅव्हलर केली असेल तर ती कुठे उभी करणार हा प्रश्न वेगळाच.

बनी पार्क हा माझ्या मते अशा ट्रिपसाठी चांगला एरिया आहे. रेल्वे स्टेशन आणि सिंधी कॅम्प बस स्टँडच्या जवळ, पण राहती वस्ती आहे, जुने मोठे बंगले आहेत त्यांची हॉटेलं झालीयेत, झाडं आहेत, अंगण असतं, आजोबा बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचू शकतात. इथे एक बघा की बंगला टाइप हॉटेलला लिफ्ट नसू शकते, मग तळमजल्यावरची खोली मागायची. आम्ही दुसऱ्या वेळी सी-स्कीममध्ये राहिलो. तिथे रस्ते सपाट आहेत, खायला-प्यायला भरपूर, सेंट्रल पार्क जवळ, जिथे चालायला ट्रॅक आहे, माझे सासरे रोज सकाळी सहाला तिथे जाऊन यायचे आणि परत आल्यावर तिथल्या लोकांशी काय गप्पा झाल्या ते सांगायचे. सवाई मानसिंह हॉस्पिटलही तिथून लांब नाही, गरज पडू नये पण ऐंशीच्या घरातलं माणूस बरोबर असताना मी हे बघतेच.

टोंक रोड, मालवीय नगर, जवाहर सर्कल हा विमानतळाकडचा भाग. हॉटेलं नवी, मोठी, लिफ्ट-बिफ्ट व्यवस्थित, त्याच पैशात खोली मोठी मिळते. पण जुनं शहर तिथून साधारण १२ किलोमीटर, आणि आमेर जुन्या शहराच्याही पलीकडे आणखी ११ किलोमीटर. म्हणजे दुपारी आजी दमल्या तर त्यांना हॉटेलवर सोडून परत यायला दीड-दोन तास जातात, मग कोणी सोडायला जात नाही आणि आजी गाडीत बसून राहतात. दुपारची विश्रांती जमणार असेल असंच अंतर ठेवा, मी नकाशावर हॉटेल ते सिटी पॅलेस गाडीने किती वेळ लागतो ते संध्याकाळी सहाला टाकून बघते, सकाळी टाकलं तर खोटा आनंद होतो.

मेट्रोचं पण सांगते. पिंक लाइन मानसरोवरपासून बडी चौपडपर्यंत जाते, मधे रेल्वे स्टेशन, सिंधी कॅम्प, चांदपोल, छोटी चौपड. बडी चौपडला उतरलं की हवामहल समोरच. म्हणजे बनी पार्ककडे राहिलात तर पोरांना घेऊन एका संध्याकाळी मेट्रोने बाजारात जाऊन येता येतं, ट्रॅफिकचं टेन्शन नाही, आणि मोठी माणसं तेवढा वेळ हॉटेलात.

लिफ्ट आहे का, हा प्रश्न विचारूच नका

कारण उत्तर 'है जी' असंच येतं. प्रश्न असा विचारा: गाड़ी से उतरने के बाद कमरे के बेड तक टोटल कितनी सीढ़ियाँ चढ़नी पड़ेंगी? असं विचारलं की समोरचा माणूस थांबतो, विचार करतो, आणि मग सांगतो की मॅडम गेट पे चार हैं, फिर रिसेप्शन के बाद तीन. हे आपल्याला हवं असतं. चार-पाच पायऱ्या कठड्यासकट चालतात, अकरा उंच दगडी पायऱ्या चालत नाहीत.

पुढचा प्रश्न: नाश्ता कुठल्या मजल्यावर असतो? जयपुरात गच्चीवरचं रेस्टॉरंट हे खूप हॉटेलांचं आकर्षण आहे, आणि लिफ्ट बरेचदा त्याच्या एक मजला खाली संपते. मग रोज सकाळी आजीचा नाश्ता खोलीत न्यायचा. तो नेतातही, पण आजीला सगळ्यांबरोबर बसायचं असतं ना. तिसरा प्रश्न, लाइट गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालते का.

खोल्या सगळ्या एकाच मजल्यावर आणि लिफ्टजवळ मागा. कनेक्टिंग रूम म्हणजे मधून दार असलेल्या, आणि ॲडजॉइनिंग म्हणजे नुसत्या शेजारी-शेजारी, हे दोन वेगळे आहेत, बुकिंग करताना कोणता शब्द वापरलाय ते बघा. मला स्वतःला शेजारी पुरतात. मधलं दार असलं की आवाज खूप येतो आणि सहा वर्षांचा मुलगा दिवसभर त्या दारातून धावतो.

बाथरूम, इथे वेळ घालवा

हे मी सगळ्यात जास्त बघते कारण बाहेरगावी ज्येष्ठ माणूस पडतं ते बाथरूममध्ये. हॉटेलच्या फोटोत बाथरूमचा एकच फोटो असतो, बेसिन आणि आरशाचा. म्हणून हॉटेलला फोन करून व्हॉट्सॲपवर बाथरूमचा छोटा व्हिडिओ मागा, दारातून आत जातानाचा. चांगली हॉटेलं पाठवतात, मला तीनपैकी दोघांनी पाठवला आणि ज्यांनी पाठवला नाही त्यांचं मी घेतलं नाही.

त्यात काय बघायचं. दाराशी उंबरा किंवा पायरी आहे का, जुन्या इमारतीत नंतर बाथरूम काढलेलं असलं की पाइपांसाठी जमीन उचललेली असते आणि रात्री अर्धवट झोपेत ती पायरी लक्षात राहत नाही. कमोड वेस्टर्न आहे ना, आणि त्याच्या बाजूला धरायला दांडी आहे का. नसली तर निदान भिंत जवळ आहे का. शॉवर बाथटबमध्ये आहे का, हे फार महत्त्वाचं, टब दिसायला छान पण त्याच्या काठावरून पाय टाकून आत जायचं आणि ओल्या पायाने बाहेर यायचं हे सत्तरीच्या माणसाला अजिबात देऊ नका. लाद्या गुळगुळीत संगमरवरी आहेत का, राजस्थानात संगमरवर सगळीकडे असतो आणि ओला झाला की काचेसारखा होतो. रबरी मॅट मागता येते, आम्ही घरूनच एक घडी होणारी नेली होती, आणि माझं ऐकाल तर न्याच.

बादली, मग आणि बसायला प्लॅस्टिकचं स्टूल. मोठ्या हॉटेलात बादली खोलीत नसते पण हाउसकीपिंगला सांगितलं की देतात. सासूबाई उभं राहून शॉवर घेऊ शकत नाहीत, स्टुलावर बसून बादलीने घेतात, तर हे मी बुकिंगच्या वेळीच लिहून ठेवते.

गरम पाणी. दिवाळीत एवढा प्रश्न नाही पण नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर जयपुरात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि हवेल्यांच्या जाड भिंती आणि फरशा बर्फासारख्या होतात. गीझर छोटा तीन लिटरचा आहे का मोठा, गरम पाणी २४ तास आहे का ठरावीक वेळेत, खोलीत हीटर मिळतो का, त्याचे वेगळे पैसे आहेत का, जास्तीची रजाई मिळेल का, हे विचारा. खोलीचा एसी गरम हवा देतो का नुसता थंड करतो तेही. आणि स्विमिंग पूल बघून डिसेंबरसाठी हॉटेल घेऊ नका, पाणी गरम केलेलं नसेल तर पोरं एकदा पाय घालतील आणि परत जाणार नाहीत.

औषधं, फ्रिज आणि ते की-कार्ड

घरात कोणाला इन्सुलिन असेल तर हे वाचाच. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, आपण खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवतो आणि फिरायला जातो. जाताना दाराजवळच्या खाचेतलं कार्ड काढलं की बऱ्याच हॉटेलांत खोलीची सगळी लाइट जाते, फ्रिजसकट. संध्याकाळी परत येईपर्यंत फ्रिज नुसतं कपाट झालेलं असतं. रिसेप्शनला विचारा की कार्ड काढल्यावर फ्रिज चालू राहतो का, नसेल राहत तर किचनच्या फ्रिजमध्ये नाव लिहून ठेवायला द्या किंवा दुसरं कार्ड मागून खाचेत ठेवून जा.

दोन कार्ड प्रत्येक खोलीला घ्याच, नाहीतर आजोबा आत झोपलेत आणि नातू कार्ड काढून खाली आईस्क्रीमला गेला, असं होतं आणि आत अंधार.

पहाटेचा चहा

मला विचाराल तर आजी-आजोबांसाठी हॉटेलची निम्मी किंमत चहात आहे. ते पाचला उठतात, रेस्टॉरंट साडेसातला उघडतं. अडीच तास एक माणूस बाकीच्यांची झोप मोडू नये म्हणून अंधारात गप्प बसून असतं. खोलीत इलेक्ट्रिक किटली आहे का बघा, आणि घरून आपली चहा पावडर, साखर, आलं, आणि दूध पावडर न्या, कारण खोलीत ठेवलेल्या डिप डिप चहाने त्यांचं समाधान होत नाही. नाहीतर विचारा की सकाळी साडेपाचला चहा मिळेल का, काही छोट्या हॉटेलांत रात्रपाळीचा माणूस आनंदाने करून देतो.

जेवणाचं म्हणाल तर जयपुरात शाकाहारी मिळायची काळजी नाही, पण तूप आणि तिखट दोन्ही जास्त. पहिल्या दिवशी दाल-बाटी-चुरमा, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी सगळं हवंहवंसं वाटतं, सिंधी कॅम्पजवळ रावत मिष्ठान भंडारची प्याज कचोरी खाल्ली नाही तर काय खाल्लं, आणि दुसऱ्या रात्री सासरे म्हणतात की साधा वरण-भात नाही का मिळणार. म्हणून हॉटेलच्या किचनमध्ये रात्री साधी मूगडाळ खिचडी, दही-भात करून देतात का ते आधी विचारा, मेनूकार्डावर नसलं तरी बरेच जण देतात. उपवास असेल तर तेही सांगून ठेवा.

होमस्टे किंवा अख्खा फ्लॅट घ्यावा का, असं खूप जण विचारतात, किचन मिळतं, हॉल मिळतो, सगळे एकत्र बसतात. हे सगळं खरं आहे, पण अनोळखी शहरात पहिल्यांदा जाताना, ज्येष्ठ बरोबर असताना, मी हॉटेलच घेईन. रात्री दोनला कोणाला बरं नाही वाटलं तर खाली जागा माणूस असतो ज्याला जवळचा डॉक्टर माहीत असतो, फ्लॅटचा केअरटेकर फोन उचलेल का सांगता येत नाही. आणि किचन मिळालं की घरातल्या बायका सुट्टीतही पोळ्या लाटतात, मला ते नको आहे.

तारखा बघा, लग्नं बघा

हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात तसं तिकडे देवउठनी एकादशीपासून, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीपासून, लग्नांचा सीझन सुरू होतो आणि जयपूरची हॉटेलं ही लग्नांची हॉटेलं आहेत. लॉन असलेलं, अंगण असलेलं सुंदर हॉटेल तुम्ही शांततेसाठी घ्याल आणि रात्री एकपर्यंत बँड, ढोल, डीजे. दिवाळीनंतर अकरा-बारा दिवसांनी जाणार असाल तर सरळ विचारा: इन तारीखों में आपके यहाँ या बगल में शादी तो नहीं है? असेल तर लॉनच्या उलट्या बाजूची खोली मागा नाहीतर दुसरं हॉटेल बघा. लग्न असलं की नाश्त्याला गर्दी, लिफ्टला गर्दी, पार्किंग फुल.

पोचायची वेळ पण तारखांबरोबरच बघा. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी जयपूर सुपरफास्ट दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास पोचते, चेक-इन बाराचं किंवा दोनचं, ते जमून जातं. सकाळच्या विमानाने गेलात तर नऊला हॉटेलच्या दारात आणि खोली दोनला. आजीला पाच तास लॉबीतल्या सोफ्यावर नका बसवू. निदान एक खोली लवकर मिळेल का विचारा, त्याचे थोडे पैसे लागले तरी द्या, सगळ्या बॅगा आणि ज्येष्ठ त्या एका खोलीत जातात.

रिव्ह्यू कसे वाचायचे

पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले दोन्ही सोडा, तीन स्टारवाले वाचा. आणि शोधायच्या जागी शब्द टाका, लिफ्ट, सीढ़ी, हॉट वॉटर, शादी, नॉइज, पार्किंग, आणि 'पेरेंट्स'. ज्या कोणी आपल्या आईवडिलांना नेलं होतं त्यांचा रिव्ह्यू शंभर रिव्ह्यूंच्या बरोबरीचा. फोटो हॉटेलने टाकलेले नाही, लोकांनी टाकलेले बघा. आणि तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यातले रिव्ह्यू वाचा, मे मधला माणूस एसीबद्दल लिहितो आणि जानेवारीतला गरम पाण्याबद्दल.

पैसे आणि बुकिंग

खोलीवर जीएसटी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचं एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली पडते ७,७७० ला आणि ७,६०० ची पडते ८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकाचे बाराशे होतात, चार खोल्या आणि तीन रात्री म्हटलं तर बघा किती. म्हणून ७,५०० च्या आसपास असाल तर हॉटेलशी बोलून थोडं खाली आणता येतं का बघाच.

मुलांची वयं खरी टाका. सहा वर्षांपर्यंत फुकट, बारापर्यंत अर्धे, असं प्रत्येक हॉटेलचं वेगळं असतं, नाश्ता त्यात धरलाय का तेही वेगळं, आणि चौदा वर्षांची मुलगी बऱ्याच ठिकाणी मोठी धरतात. दारात पोचल्यावर वाद नको.

फ्री कॅन्सलेशनवालंच घ्या, थोडं महाग असलं तरी. घरात सत्तरीच्या पुढची तीन माणसं आहेत, कोणाचं कधी काय होईल सांगता येत नाही, आमची पहिली तारीख सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे पुढे गेली होती. आणि चार खोल्या एकत्र बुक केल्या की कधी कधी कॅन्सलेशनचे नियम ग्रुपचे लागतात, ते वाचून घ्या.

फोन नंबर मात्र नीट बघून घ्या. गुगलवर सर्च केलं की वर येणारा कुठलाही नंबर हॉटेलचाच असेल असं नाही, खोटे नंबर टाकून ॲडव्हान्स मागणारे लोक आहेत. समोरचा म्हणाला की आत्ता क्यूआर पाठवतो लगेच पैसे टाका नाहीतर खोली जाईल, तर फोन ठेवा. हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर आणि बुकिंग ॲपवरचा नंबर जुळतो का बघा, आणि जमलं तर पैसे तिथे जाऊन द्या.

बोलणं झालं की जे ठरलं ते सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, एकाच मेसेजमध्ये. चार खोल्या, एकाच मजल्यावर, लिफ्टजवळ, एक ट्विन, बादली-स्टूल दोन खोल्यांत, सकाळी साडेपाचला चहा. आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव विचारून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी परत फोन करून आठवण करा, कारण तिथे शिफ्ट बदलते.

ओळखपत्र सगळ्या मोठ्यांचं मूळ लागतं, आधार किंवा व्होटर कार्ड किंवा लायसन्स, पॅन कार्ड चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो. आजोबांचं आधार घरी लोखंडी कपाटात राहतं, तेवढं आठवणीने घ्या. आणि अमेरिकेहून दीर किंवा भाचा येऊन ट्रिपला जॉइन होणार असेल आणि त्याच्याकडे परदेशी पासपोर्ट असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तर हॉटेलला त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, या फॉर्मला आधी सी फॉर्म म्हणायचे. काही छोटी हॉटेलं यासाठी नोंदलेली नसतात आणि दारातून परत पाठवू शकतात, आधी विचारून घ्या.

पोचल्यावर

सगळ्यांना लॉबीत बसवा, पाणी प्यायला द्या, आणि तुम्ही एकट्याने वर जाऊन खोल्या बघून या. बॅगा वर जायच्या आधी. नळ उघडा, गरम पाणी येतंय का बघा, फ्लश करा, बेडवर बसून बघा उंची ठीक आहे का, हवेली स्टाइल हॉटेलात पलंग कधी कधी इतके उंच असतात की आजीचे पाय जमिनीला लागत नाहीत. खिडकीला आणि बाल्कनीला कठडा किती उंच आहे ते धाकट्यासाठी बघा, झरोक्याचे कठडे फार बुटके असतात. काही पटलं नाही तर याच वेळी खोली बदलून मागा, एकदा बॅगा उघडल्या आणि कपडे बाहेर आले की कोणी बदलायला तयार होत नाही, आपल्या घरातलेसुद्धा नाही.

चारमधली सगळ्यात चांगली खोली, म्हणजे बाहेर बघायला खिडकी असलेली, ज्येष्ठांना द्या. दुसऱ्या वेळी सासूबाईंच्या खोलीला रस्त्याकडची खिडकी होती, दुपारी आम्ही परत आलो की त्या सांगायच्या, समोरचा इस्त्रीवाला आज उशिरा आला, शाळेची बस दोनदा गेली.

आणि पहिल्या रात्री झोपायच्या आधी त्यांच्या बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार थोडं लोटून ठेवा, चपला पलंगाखाली न ठेवता उजव्या बाजूला ठेवा जिथे पाय पडतो, तुमच्या खोलीचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फोनजवळ ठेवा, आणि खोलीतल्या फोनवरून तुमच्या खोलीत फोन कसा लावायचा ते त्यांना एकदा स्वतःच्या हाताने लावायला सांगा.